पृथ्वी हरली, त्या रविवारची हकीकत

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की पृथ्वी पडली आहे. गेल्या हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, इंदूरजवळच्या राऊ गावात एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मानवजातीचा संपूर्ण पराभव झाला आणि हा ग्रह परग्रहवाल्यांच्या ताब्यात गेला. त्या वेळी खाली ठेलेवाला मेथी मेथी म्हणून ओरडत होता, म्हणजे जनतेपर्यंत बातमी अजून पोहोचली नव्हती. पराभवाला सर्वस्वी मी जबाबदार आहे. सेनापती माझी ताई होती. तिची काहीही चूक नव्हती, आणि एवढं एक वाक्य तिला सांगायला मला सहा आठवडे लागले.

आम्ही दोघं इंदूरच्या छत्रीबागेत वाढलो. मी शाळेत आणि ताई कॉलेजात असताना बाबांनी, माझ्या अभ्यासासाठी म्हणून, जेल रोडवरून एक जुना कॉम्प्युटर आणला. दुकानदाराने वर चार फ्लॉप्या दिल्या. त्यात तो खेळ होता. परग्रहवाले तबकड्यांतून उतरतात, माणसं पळवतात, आणि आपल्या हाती आठ-दहा शिपायांची तुकडी असते. पण पळापळ नाही, धडाधड गोळीबार नाही. सगळं पाळीपाळीने. आधी आपण आपले शिपाई हलवायचे, मग ते त्यांचे हलवणार. आपल्या पाळीत तुम्ही चहा करून या, आंघोळ करून या, शत्रू मुकाट्याने उभा राहतो. इतका सुसंस्कृत शत्रू मला पुढे नोकरीत एकदाही भेटला नाही.

शिपायांना हवी ती नावं देता येत. परदेशी नावं ताईच्या लक्षात राहीनात, म्हणून तिने अख्खं खानदान भरती केलं. आई, मामा, आत्या, वरच्या मजल्यावरच्या काकू. आत्याच्या हाती बाँब दिले. का, ते घरात कुणी विचारलं नाही. बाबांना लांब पल्ल्याची बंदूक दिली आणि दर लढाईत कुठल्या तरी छपरावर चढवलं. खरे बाबा मागे खुर्ची टाकून शेंगा सोलत बसलेले असत. "मला कशाला वर चढवता रे? माझे गुडघे बघा!" असं म्हणत, पण नेम लागला की शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढी टाळी वाजवत.

नियम ताईचा होता. मेला तो मेला. मागे जाऊन, आधीची जतन केलेली जागा उघडून कुणाला जिवंत करायचं नाही. एका लढाईत मामा गेले तर तिने दोन दिवस खेळ बंद ठेवला. खरे मामा त्याच दिवशी आमच्याकडे जेवायला आले होते आणि त्यांना कळेना की भाची आपल्याला इतकं आग्रहाने का वाढतेय.

तो खेळ आम्ही कधी संपवला नाही. ताई बी.एड.साठी जबलपूरला गेली, सुट्टीत संपवू असं ठरलं, आणि सुट्टीच्या आधी बाबा गेले.

आमच्याकडे अशी बातमी फोनवर सांगत नाहीत. "तब्येत जरा नरम आहे, येऊन जा" असं म्हणतात. माणूस प्रवासात एकटा असतो, घरी आल्यावर चार जणांत कळलेलं बरं, असा त्यामागे विचार. मोठ्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला, कारण ते बोलायला लागले की रडत होते. मी जन्मजात नट. मी इतकं झकास बोललो की काय सांगू. "बाबा विचारताहेत, तू कधी येणार," हे वाक्य तर मला कुणी सांगितलंच नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

ताई रिक्षातून उतरली ती बाबांसाठी जबलपूरच्या खव्याच्या जलेबीचा डबा घेऊन. दारात चपलांचा ढीग होता. तिने ढीग बघितला, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "विचारताहेत म्हणालास ना तू?" त्यानंतर या विषयावर आम्ही एक शब्दही बोललो नाही. कॉम्प्युटर कुणीतरी घेऊन गेलं.

ताई गणित शिकवत राहिली. लग्न केलं नाही, राऊला फ्लॅट घेतला. पन्नाशी उलटल्यावर तिच्या डोळ्यांचा पडदा मधोमध खराब व्हायला लागला. कडेचं दिसतं, मधलं पुसलं जातं. डोळ्यांत इंजेक्शनं झाली, फरक पडला नाही, शाळा सोडावी लागली. "समोरच्याचे कान दिसतात, तोंड नाही दिसत," ती मला खास इंदुरी ढंगात म्हणाली. "तुझ्या केसमध्ये फायदाच आहे, भिया."

डोळ्यांचं तिने पचवलं होतं. तिची खरी भीती दुसरीच होती. आमची आई शेवटची तीन वर्षं सगळं विसरून गेली होती. ताई तिला भरवायची आणि ती ताईला विचारायची, "बाई, तुम्ही कुठल्या शाळेच्या?" तेव्हापासून ताईला वाटायचं, आता पाळी आपली. एकदा भाजीत मीठ दोनदा पडलं तर ती दिवसभर गप्प होती.

"डोळ्यांचं काय, मशीनमध्ये दिसतं," ती म्हणाली. "डोकं जायला लागलं तर मला कोण सांगणार? तू तर नाहीच सांगणार."

याच सुमारास मला कळलं की तो जुना खेळ नव्याने काढलाय. एकच नाही, त्या जातीचे चार-पाच. माझ्याच वयाचे कुणी तरी लोक लहानपण उकरून काढत असणार. चित्रं आता इतकी झकपक की परग्रहवाल्याच्या कपाळावरची शीरही दिसते, पण आत्मा तोच. अजून पाळीपाळीने. शत्रू अजून वाट बघतो. मी तो आणून ताईच्या टीव्हीला जोडला.

"शेवटपर्यंत खेळायचा," ताई म्हणाली. "मला बघायचंय, चार पाळ्या पुढचं मला अजून दिसतं की नाही." आणि सुरुवातीलाच तिने मला तो पर्याय निवडायला लावला, ज्यात मागे परतताच येत नाही. एकदा घडलं ते घडलं. कंपनीने जणू तिचाच नियम चोरला होता.

दर रविवारी सकाळी मी स्कूटरवरून राऊला जायचो. बटणं मी दाबायची, डोकं तिचं. सुरुवातीला तिला रंग आणि हालचाल कळायची, पुढे तेही धूसर होत गेलं, मग मी वर्णन करायचो. आता मला वर्णन करायला सांगणं म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. "पूर्वेकडून तीन राक्षस, डोळ्यांत अंगार..." असं मी सुरू केलं की ती म्हणायची, "अंगार राहू दे, घरं किती लांब ते बोल." तिने एका परातीत लोकरीचे उभे-आडवे धागे ताणून चौकटी केल्या होत्या आणि बोटांनी चाचपून ओळखता यावं म्हणून प्रत्येक शिपायाला एकेक जिन्नस ठरवला होता. आत्या म्हणजे चिंचोका. काकू म्हणजे राजमा. बाबा म्हणजे सुपारी. पूजेत जो हजर नसतो त्याच्या जागी सुपारी मांडतातच, ती म्हणाली.

आणि काय खेळायची! मी घाबरून मागे सरकायला बघायचो, ती परातीवर बोटं ठेवून शांत बसायची आणि म्हणायची, "नाही, त्याला येऊ दे. तो इथे येणार, आत्या इथून फेकणार, उरला तो बाबांचा." आणि तसंच व्हायचं. बाबांचा नेम पुन्हा शंभरात पंच्याण्णव झाला होता. त्या दिवसांत ती भाजी करताना गुणगुणायला लागली. मीठ एकदाच पडायचं.

शेवटच्या मोहिमेला तीन आठवडे उरले असताना बाबा मेले.

छपरावर होते. खालून एक हिरवा झोत आला, छप्पर कोसळलं, आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. ताईला अक्षरं दिसत नव्हती. मोठा आवाज आणि एक किंकाळी, एवढंच तिने ऐकलं. तिची बोटं सुपारीवर होती.

"कोण ओरडलं?" तिने विचारलं. "बाबा?"

एक क्षण होता. पाळी आमची होती, शत्रू थांबला होता, मी हवा तेवढा वेळ घेऊ शकलो असतो. पण माझ्या तोंडाने मला विचारलंच नाही. "ओरडले, पण उभे आहेत," मी म्हणालो. "जरा खरचटलंय."

ताईने श्वास सोडला आणि सुपारी आपल्या जागी राहिली.

खोटं बोलणं सोपं असतं, ते सांभाळायला कामं फार पडतात. ताई चहा टाकायला उठली तेव्हा मी नवीन भरतीतला एक कोवळा रंगरूट घेतला, त्याचं नाव पुसून तिथे 'बाबा' लिहिलं, आणि लांब पल्ल्याची बंदूक त्याच्या हाती दिली. पुढच्या लढाया लहान होत्या, इतरांनी निभावून नेल्या. त्याची गोळी चुकली की मी म्हणायचो, "शत्रू ऐन वेळी वाकला." शत्रू फार वाकले त्या तीन आठवड्यांत.

मग तो रविवार. ताईने आठवडाभर परातीत शेवटची लढाई मांडली होती. सगळी योजना सुपारीवर उभी होती. बाकीच्यांनी शत्रूला चौकात ओढायचं आणि बाबांनी वरून चार गोळ्यांत चौघांना टिपायचं. "बाबा आहेत म्हणून हे करते आहे," ती म्हणाली. "दुसरं कुणी असतं तर असा डाव टाकला नसता."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडाला अचानक कोरड पडली, आणि माझ्या तोंडाला कोरड पडणं ही इंदूरच्या इतिहासातली दुर्मीळ घटना आहे.

पहिली गोळी चुकली. दुसरी चुकली. तिसरी चुकली तेव्हा आत्या गेली होती. चौथ्या गोळीपर्यंत चौकात कुणी उरलं नव्हतं. मी वर्णन थांबवलं. खालचा मेथीवाला ओरडत होता तेवढाच आवाज.

"संपलं?" ताईने विचारलं.

"संपलं."

तिने एकेक दाणा उचलून डबीत भरला. "पूर्वी माझं असं होत नसे," ती म्हणाली. "कुठे चुकलं तेच कळत नाहीये, बघ. चुकलं हेही कळत नाहीये."

 पुढच्या रविवारी गेलो तर टीव्हीवर कापड टाकलेलं. त्याच्या पुढच्या रविवारी ती पाढे म्हणत होती, एकोणतीसचा, आणि मधेच थांबून पुन्हा पहिल्यापासून. मी दारातच उभा राहिलो. एका रविवारी तिने कपाटाच्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या. "तुझ्याकडे राहू देत. मी कुठे ठेवते ते मला आठवलं नाही तर?" स्वयंपाकात तिने मीठ घालणं सोडून दिलं. वरून घे म्हणायची.

सहाव्या आठवड्यात तिने स्वतःच मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मला फक्त न्यायला सांगितलं.

वेटिंग हॉल भरलेला होता. समोर एक सद्गृहस्थ एक्सरेचं पाकीट छातीशी धरून झोपले होते. काउंटरवरची मुलगी "चौदह नंबर, चौदह नंबर" करत होती. आमचा सतरा. ताई हळू आवाजात स्वतःशी उजळणी करत होती. आज वार कुठला, महिना कुठला, आईला हेच विचारत असत. तिने कडक इस्त्रीची साडी नेसली होती, शाळेच्या वार्षिक तपासणीला साहेब येणार असल्यासारखी.

"ताई," मी म्हणालो, "बाबा त्या दिवशी छपरावरच गेले होते."

"कुठले बाबा?"

"सुपारीवाले. ते ओरडले ना, तेव्हाच गेले. मी उभे आहेत म्हणालो. मग दुसऱ्या एका पोराला त्यांचं नाव दिलं."

ती माझ्याकडे बघत नव्हती, बघूही शकत नव्हती. ती जरा बाजूला बघते, म्हणजे कडेने मी दिसतो. तशी ती बाजूला वळली. मी वाट बघत होतो की आता जबलपूरच्या फोनचा विषय निघेल, इतक्या वर्षांनी निघेल, आणि निघायलाच हवा होता.

"त्या पोराचा नेम किती?" तिने विचारलं.

"शंभरात पस्तीस. अंधारात त्याहून कमी."

"आणि बाबांचा होता पंच्याण्णव."

"हो."

तिची बोटं पर्सवर हलायला लागली, एकेक, जागा धरत. ओठ हलत होते. चार गोळ्या, चौक, आत्या, जिना. "पंद्रह नंबर," काउंटरवरून आवाज आला. मी म्हणालो, "ताई, सॉरी, मला तुला सांगवलं नाही," आणि तिने हात वर करून मला गप्प केलं, वर्गात करायची तसं. गणित अजून चालू होतं. मग ते संपलं. ताई एकदम उभी राहिली, पर्स खाली पडली, समोरचे गृहस्थ दचकून जागे झाले, आणि माझी छप्पन वर्षांची बहीण भरल्या हॉलमध्ये ओरडली, "अरे गधे, म्हणजे माझं गणित बरोबर होतं, बाबाच खोटे होते!"