साखरेतली अक्षरं

आजही पोळपाटावर पीठ भुरभुरलं की माझा हात थबकतो.

वीस वर्षांपूर्वी मी एडिनबराच्या एका वॉर्डमध्ये नर्स होते. स्ट्रोकने वाचा गेलेल्या आर्मेनियन आजी ट्रेवर साखर सांडून तिच्यात बोट फिरवत होत्या. राउंडची घाई होती. मी ओल्या फडक्याने ट्रे पुसला. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. “सॉरी, डिअर,” म्हणत मी ते सोडवून घेतलं.

त्याच दुपारी त्या गेल्या. त्यांची मुलगी रडत सांगत होती, “आईचे वडील क्रांतिकारक. चोरून वर्तमानपत्र काढायचे, शाळा चालवायचे. आईलाही त्यांनी पिठातच अक्षरं शिकवली. शिपाई आले की पुसायला सोपं.”

मग तिने विचारलं, “शेवटी आईने काही सांगितलं का हो?”

“नाही,” मी म्हणाले.

खिशातलं फडकं अजून चिकट होतं.