मशीनमधला माझा आवाज

माझ्या भागीदारानं माझ्याच आवाजात माझ्या गावच्या बायांना लुटलं. मार मी खाल्ला.

सावली गावच्या बाजारात कौसल्याबाईनं माझे केस धरले. माझ्या आईसोबत धानाच्या रोवणीला जाणारी बाई. तिनं चपलेनं माझं तोंड फोडलं. भोवती बायाच बाया. एकही आडवी आली नाही.

"बोल वं! मशीनमंधी तूच बोलतेस का नाई? सांग इथी सगळ्याईले!"

"मीच बोलते," मी म्हणाले. तोंडात रक्त होतं.

"मंग आमाले काऊन लुटलं?"

अंगठा लावला की खात्यातले पैसे देणारी ती मशीन. पूर्वी मी ती खांद्यावर घेऊन गावोगाव फिरायची. बायांना पडद्यावरचं वाचता येत नव्हतं. दुकानदार सांगेल तो आकडा खरा. मला सुचलं, मशीननंच बोलावं, आपल्या बोलीत. आवाज मी दिला. "बाई, पाचशे निघाले. हातात मोजून घे. तुले कोणी फसवणार नाई."

बाया खदखदून हसल्या. "हे तं आपल्यासारखंच बोलते वं!" मग दुसऱ्या मशीनवर कोणी अंगठा ठेवेना.

नागपूरचा भागीदार भांडवल घेऊन आला. निम्म्या हिश्श्यावर मी अडून बसले आणि तो मिळवला. मोठे गुंतवणूकदार येईपर्यंत मी त्याची ताई होते. ते आले, त्यांच्यासाठी नवे शेअर निघाले, आणि त्या ढिगाखाली त्यानं माझा हिस्सा गाडला. कंपनीच्या ऑफिसात, काचेच्या खोलीत, त्यानं सर्वांना माझा आवाज ऐकवला. एक जण माझी नक्कल करत म्हणाला, "बाई धान रोवता रोवता बोलून राह्यली वाटते." भागीदार सर्वांत मोठ्यानं हसला.

"माझा आवाज काढून टाका," मी म्हणाले.

"ताई, आवाज आता कंपनीचा. तुमच्याकडे तोंड आहे, ते घेऊन जा."

मी खुर्ची उचलून काचेवर फेकली. चौकीदारानं दंडाला धरून मला जिन्यावरून फरफटत खाली आणलं. एवढ्यावर संपलं, असं मला वाटलं.

संपलं नव्हतं. मशीन माझ्या आवाजात "पाचशे निघाले" म्हणत राहिली. खात्यातून सहाशे जात राहिले. बाया बँकेत गेल्या तेव्हा ते उघडं पडलं.

कौसल्याबाईचा हात पुन्हा उठला. एका शब्दावर समोरच्याची कॉलर धरणारी मी. तिच्यावर हात उचलला नाही. तिचं मनगट धरलं, ओढत मशीनवाल्या दुकानात नेलं. मशीन रस्त्यावर आपटली. वर दगड घातला.

"मोजून घे," मशीन म्हणाली. माझ्या आवाजात.

पुन्हा घातला.

"तुले कोणी फसवणार..."

ती मुकी होईपर्यंत घातला. दुकानदार पोलिसांची धमकी देत होता. "बोलाव," मी म्हणाले. "मलेबी तक्रार लिहायची आहे."

कौसल्याबाईनं चप्पल पायात घातली. "एक फोडून का होते? गावोगाव बोलून राह्यली तुयी मशीन."

खरं होतं. तक्रार मी लिहिली. आता गावोगाव जाते, चौकात उभी राहून सांगते: मशीनमधला आवाज माझा आहे, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कुठं शिव्या मिळतात, कुठं चप्पल. मी मागं हटत नाही.

भागीदारा, तोंड घेऊन जा म्हणालास. तेच घेऊन फिरते आहे. आता तू ये सावलीच्या बाजारात. माझ्या आवाजाआड लपू नकोस. कौसल्याबाईसमोर उभा राहा आणि तुझ्या तोंडानं सांग, तिचे वरचे शंभर कुणी खाल्ले?

बोल.