तुडुमावरचा हात

आईला आमगावहून गोंदियाला आणलं तेव्हा तिला आदल्या दिवसापासून लघवी झाली नव्हती. दवाखान्यात नळी लावली. पिशवी कोरडीच राहिली. डॉक्टर म्हणाले, "सकाळपर्यंत मूत्रपिंडं चालू झाली नाहीत तर डायलिसिस. या वयात झेपेलच असं सांगत नाही."

भाऊ माझ्यावर उखडला. "बीपीची गोळी देऊन देऊन तुमी मारलं तिले. एक दिवस चुकवली नाही तिनं!"

गोळ्या मीच शहरातून पाठवत होते आणि ती एकही चुकवत नसे, हे खरं. डॉक्टरांनी मात्र वेगळंच विचारलं. पाणी किती पीत होत्या?

ते सांगायला आईला उठवायची गरज नव्हती. तेंदूपानाच्या दिवसांत आमच्याकडच्या बाया पहाटे जंगलात शिरतात आणि दुपारपर्यंत पाणी टाळतात. पाणी प्यालं की झुडपामागं जावं लागतं, आणि घोळक्यातून बाजूला झालेली बाईच वाघाला सापडते. ऊन लागून ओकाऱ्या सुरू झाल्या तरी आईनं तेच चालवलं. वर कंबरेसाठी दुखण्याची गोळी घेत राहिली.

"तळ्यात पाणी कमी असलं की तुम्ही काय करता?" डॉक्टरांनी भावाला विचारलं.

"तुडुम बंद करतो." तुडुम म्हणजे तळ्यातून पाणी सोडायचं तोंड.

"शरीरही तेच करतं. पाणी घटलं की एक संप्रेरक मूत्रपिंडाच्या गाळणीतून बाहेर जाणारी रक्तवाहिनी आवळतं. आत दाब टिकतो, म्हणून रक्त गाळलं जातं. बीपीची गोळी त्या संप्रेरकाला अडवते. एरवी ते चांगलंच, दाब वाढून तळ्याची पाळ फुटत नाही. पण तळं आटलेलं असताना तुडुमावरचा हातच गोळीनं धरून ठेवला. दुखण्याच्या गोळीनं आत येणारा पाटही अरुंद केला."

"मंग आता?"

"दोन्ही गोळ्या बंद. सलाइन चालू. जागी असतील तेव्हा बसवून घोट घोट पाणी द्या."

पाणी पाजायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी आई बरळत होती. सिस्टर म्हणाली, "माताजी, थोड़ा पी लो." आईनं दात घट्ट मिटले.

"नोको. बाया पुढं गेल्या."

"आई, नळी लावली हाय. कुठं जा नाही लागत."

"तू चूप. शहरवाली! तुले जंगलातलं काय समजते?"

मी विनवलं, ओरडले. चमचा तिच्या दातांवर आपटून पाणी साडीवर सांडलं. पिशवीत थेंब नव्हता. डॉक्टरांची फेरी व्हायची होती आणि डायलिसिससाठी सही कुठे करायची ते सिस्टरनं मला दाखवून ठेवलं होतं. भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा होता.

शेवटी मी तिच्या कानाशी वाकले. "पी. मी येतो तुयासंग. झाडापाशी उभी राहतो."

तिनं डोळे किलकिले केले. "तू? तू त मांजरीले भेते."

"भाऊ बी हाय. काठी घेऊन."

भाऊ वळला. "हाव माय," तो म्हणाला. "हाय काठी. पी तू."

ती प्याली. एक घोट, मग आणखी एक.

फेरीच्या वेळी नळीत पिवळी रेघ होती, करंगळीएवढी. डॉक्टरांनी पिशवी उजेडात धरली. "संध्याकाळपर्यंत थांबू," म्हणाले आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

मी वाटी पुन्हा भरली. भाऊ सलाइनचा दांडा मुठीत धरून तिथंच उभा राहिला.