चिठ्ठीवरचं गाव

लाकडाचा तुकडा हाती आला की काका तो कानाशी धरून टिचकी मारायचे आणि विचारायचे, "हे आलं कुठून?" उत्तर चुकलं तर मान हलवायचे. बरोबर आलं तरी हलवायचेच.

शिकागोजवळ नेपरव्हिलला त्यांचं व्हायोलिनचं दुकान होतं. घराणं इटलीचं, जन्म शिकागोचा. मी मिरजेचा, तंबोरे बनवणारा. शाळा आठवीत सुटलेली. बायको इथे नर्स म्हणून आली, तिच्यामागे मी. इंग्रजी बेताचं. अशा माणसाच्या हातात त्यांनी पटाशी दिली. तुम्हीच सांगा, कोण देतं?

पहिल्या दिवशी मी दाराबाहेर बर्फात बूट काढले.

"अरे, हे चर्च नाही, दुकान आहे! पाय गोठतील!"

"आत वाद्यं आहेत ना, काका."

"काका म्हणजे?"

अर्थ सांगितला. म्हणाले, "म्हणजे आता जेवायलाही घालावं लागणार!"

घातलंही.

व्हायोलिन बाजाराने घडवलं, हे त्यांचं ठाम मत. "आल्प्सचं स्प्रूसचं लाकूड, समुद्रापलीकडचं मेपल, काळं आबनूस तर तुमच्या बाजूचं. व्हेनिसचे व्यापारी नसते, तर आमची माणसं खुर्च्या करत बसली असती." इटलीतल्या जुन्या कारखान्यांचं ते सांगायचे: वर घर, खाली दुकान. मुलगा, जावई, कारागीर एकाच टेबलाशी. व्हायोलिनच्या आत चिकटवायची चिठ्ठी मात्र मालकाच्या नावाची, खाली त्याचं गाव.

मिरजेतही हत्यारं घडवणारी घरं सतारीकडे वळली, असं मी सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "बघ! तलवारीचं गिऱ्हाईक आटलं!"

माझ्या पहिल्या व्हायोलिनमध्ये त्यांनी स्वतःची चिठ्ठी चिकटवली. आमचा नागपूरचा शेजारी भडकला. "यार, हे चीटिंग आहे. काम तुझं, नाव त्यांचं?" मला धाकधूक वेगळीच. त्या नावाला माझं काम शोभेल ना?

गेल्या हिवाळ्यात काका गेले. टेबलावर एक व्हायोलिन अर्धवट होतं. दुकान ठेवायचं की विकायचं, हे त्यांच्या मुलीचं ठरत नव्हतं. "हे पुरं करा, मग बघू," म्हणाली. मी रोज येऊन काम करत राहिलो.

पुढची फळी बसवण्याआधी चिठ्ठी लावावी लागते. मी काकांची उचलली. मुलीने हात धरला.

"तुमची लावा. बाबा सांगून गेलेत, मेलेल्याच्या नावाने माल विकायचा नाही. आणि मी दुकान विकत नाहीये. ते चालू आहे, हे गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे."

काकांच्या चिठ्ठीवर त्यांच्या आजोबांचं गाव असायचं. मी माझं नाव लिहिलं, खाली मिरज. मग फळी कानाशी धरून टिचकी मारली.

विचारणारं कुणी नव्हतं.