समोरच्या काचेचा गंज

नामदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी तूर निवडत बसले होते. सूप बाजूला ठेवलं आणि मुलाला म्हटलं, गाडी काढ. मग वाटलं, त्या गाडीत बसून त्याच्या दारात कशी उतरू? एसटीने गेलो.

नामदेव माझा धाकटा दीर. कारंज्यात त्याचं गाड्यांच्या डेंटिंगचं दुकान होतं. आम्ही धनजला. आमच्या मालकांनी हौसेने घेतलेली जुनी अँबेसेडर त्यांच्यामागेही आम्ही विकली नाही. तिच्या काचांच्या कडेने गंज चढला तेव्हा नामदेवाने ती दुकानात नेली. बाकीचे लोक गंजावर पुट्टी थापतात, वरून रंग मारतात, गिऱ्हाईक खूश. याने काचा काढल्या, भोवतीचं रबर काढलं, चांगला पत्रा लागेपर्यंत सडका पत्रा कापत गेला आणि नव्या पट्ट्या वेल्डिंग करून बसवल्या. तीन आठवडे लावले. मी फोनवर म्हणायची, "नवी गाडी बनवून राह्यला का रे?" तो म्हणे, "वयनी, गंज पोटात ठेवून रंग नाही देत मी."

गाडी परत देताना एवढंच म्हणाला, "दसऱ्याले हार समोरच्या काचेच्या रबरात खोचू नका. पाणी मुरते तिथं. बोनटवर ठेवत जा." मी म्हटलं, "तू पत्रा ठोक. पूजा मले नको शिकवू." आमच्या घरी पूजेचा हार हाताने काढत नाहीत, आपोआप गळेल तेव्हा गळेल. मी दरवर्षी खोचत राहिले.

चौथ्या वर्षी समोरच्या काचेखाली रंग फुगला. बोट लावलं तर आत गेलं. पुतणीच्या साखरपुड्यात, भरल्या पंगतीत मी त्याला म्हटलं, "तुहा हात गेला आता, नामदेव. गाडी दुसऱ्यालेच दाखवा लागते." पंगतीत त्याची गिऱ्हाइकं बसली होती. त्याचा घास हातातच राहिला. "दाखवा," म्हणाला.

दुसऱ्या डेंटरने रबर उचकटलं तर आतून काळा चिखल निघाला. त्यात दोरे आणि झेंडूचे देठ. "आजी, इथं हार कोण कोंबते हो?" तेव्हाच कारंज्याला जायला हवं होतं... गेले नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ करत दोन वर्षं काढली. एकदा स्टँडवर भेटला. "गाडी बरी हाय ना, वयनी?" "बरी हाय." एवढंच बोलले.

तेरवीला माझी जाऊ, नामदेवाची बायको, म्हणाली, लोक त्याला विचारत, वहिनीची गाडी दुसरीकडे काहून गेली? तो म्हणे, "माह्याच्यानं चुकलं असन काही." चुकलं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. पहिल्यांदा ते रबर त्यानेच काढलं होतं, त्यातले दोरे आणि देठ तेव्हाच पाहिले होते. पण घरच्या बाईचं नाव चारचौघांत घेतलं नाही त्याने. मी त्याचं घेतलं होतं.

आता माफी मागून उपयोग नाही, ऐकायला तो नाही. पण कारंज्यात अजून म्हणतात, शेवटी शेवटी नामदेवाचा हात गेला होता. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पत्रा मी सडवला. मागच्या काचेला मी कधी हार घातला नाही. तिथली पट्टीही त्याच्याच हातची आहे, आणि इतक्या वर्षांत तिच्यावर गंजाचा ठिपका नाही. गाडी अंगणात उभी असते. यावं आणि बघावं.