मोटारीच्या तोंडावरचं ओलं पोतं

मोठ्या दुष्काळानंतर एक-दोन वर्षांनी आम्ही दोघं कुंडलला एका बागाईतदाराकडे कामाला होतो. हे मोटार चालवायचे. मी मालकांच्या आईंच्या हाताशी असायची. त्यांना सगळे थोरल्या बाई म्हणत. त्यांना धाप लागायची. उन्हात तर ओठ निळे पडायचे. दर महिन्याला मिरजेच्या डॉक्टरांकडे न्यावं लागे, आणि ते दुपारीच भेटत. म्हणून मालकांनी मुंबईहून थंड हवेची पेटी बसवलेली जुनी मोटार आणली.

त्या पेटीपुढे पहिल्यांदा हात धरला तेव्हा मी तो झटकन मागे घेतला. बाहेर वैशाख, फरशीवर पाय ठेववत नव्हता, आणि हाताला मात्र पौषातल्या पहाटेचा वारा लागला. गाडीखाली पाणी ठिबकत होतं. हे म्हणाले, हवेतलंच पाणी आहे ते. मी वाकून बोटावर घेतलं. न पडलेल्या पावसाचं पाणी वाटलं मला.

हा गारवा टिकावा म्हणून थोरल्या बाईंनी हुकूम सोडला. माठाला ओलं फडकं गुंडाळतात तसं मोटारीच्या पुढच्या जाळीवर ओलं पोतं बांधायचं. आम्हा सगळ्यांनाच ते पटलं. पण हळूहळू गारवा उणावत गेला. उणावला की पोतं आणखी भिजवायचं. ह्यांनी इंजिनवरचा पट्टा ताणून पाहिला, पेटी पुसून पाहिली. सांगलीच्या मिस्त्रीने आतला गॅस गेला असेल, मुंबईलाच न्या असं सांगितलं. तेवढी सवड कुठली? दुसऱ्याच दिवशी मिरजेला जायचं होतं आणि थोरल्या बाई दोन शब्दांमागे थांबून श्वास घेत होत्या.

सकाळी ह्यांनी मोटार सुरू करून मला पेटीपुढे हात धरून बसवलं. वारा कोमटच होता. पोतं वाळलं म्हणून हे ते सोडून विहिरीवर घेऊन गेले, आणि माझ्या तळव्याला गार लागायला लागलं. परत येऊन त्यांनी पोतं बांधलं. थोड्या वेळात वारा पुन्हा कोमट.

मला कळलं, पण बोलवेना. थोरल्या बाई पायरीवरच बसल्या होत्या. त्यांनी सांगितलेलं चुकलं असं त्यांच्या तोंडावर मी कसं म्हणणार? मी ह्यांच्या कानाशी लागले. तेवढ्यात थोरल्या बाईंचा आवाज आला, "काय कुजबुजतीस? मोठ्यानं बोल."

मी मान खाली घालून म्हटलं, "आवं, पोतं काढल्यावर गार येतंय."

त्या पायरीवरून उठल्या. काठी टेकत आल्या, आत बसल्या, पेटीपुढे हात धरला. ह्यांना पोतं काढायला लावलं, बांधायला लावलं, परत काढायला लावलं. मग उतरून जाळीपुढे गेल्या आणि हात पुढे केला. मीही केला. चुलीच्या तोंडाशी असावी तशी झळ येत होती.

हे म्हणाले, "आतली धग हितनं भायेर पडती, बाई. आपण तिचं तोंडच बांधलं."

"आन् मी रोज पानी मारून बांधून घेत हुते," त्या म्हणाल्या. मग श्वास घेऊन, "नवऱ्याचं बांधाय पायजे हुतं, ते राहिलं."

हसता हसता त्यांना खोकला आला.

ओल्या पोत्यामुळे रस्त्याची धूळ बसून जाळीत चिखल वाळला होता. ह्यांनी पाणी सोडत मऊ कुंचल्याने तो काढला. मी मात्र तिथंच उभी राहिले. ही पेटी गारवा तयार करते असं मी समजत होते. ती तर आतली धग उचलून बाहेर नेऊन टाकत होती. धग अशी उचलता येते, हे कुणी सांगितलं असतं तर मी खरं मानलं नसतं.

भर दुपारी निघालो. सांगली आली तरी मी थोरल्या बाईंच्या ओठांकडेच बघत होते. ते निळे पडले नव्हते. त्यांनी पदर कानांवर ओढला आणि म्हणाल्या, "पाय झाक गं माजं. थंडी वाजती."

वैशाखात पांघरूण कोण बरोबर घेतं? मी त्यांचे पाय मांडीवर घेतले आणि माझ्या पदराने झाकले.