करड्या कोटातले आजोबा

अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आमच्या शेजारी एक गोरे आजोबा राहतात. लेकीला गाडी त्यांनीच शिकवली, कारण मी शेजारी बसले की आम्ही दोघी भांडायचो. दर वसंतात ते दाढी वाढवतात, करडा कोट चढवतात आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या इथल्या यादवी युद्धातला सैनिक कसा जगायचा हे लोकांना दाखवायला शनिवार-रविवारी एका शेतावर तंबू ठोकून राहतात. निघताना मी त्यांच्या हातावर दही-साखर ठेवायचे. माणूस लढाईला निघालाय, यश नको मिळायला?

यंदा ते लेकीनं पाहिलं.

"आई, तू कॉन्फेडरेट सोल्जरला ब्लेस करतेयस? स्लेव्हरीसाठी लढत होते ते!"

आता करडा कोट गुलाम ठेवणाऱ्या दक्षिणेचा, हे मला काय ठाऊक! आजोबांना मराठी येत नाही, पण 'स्लेव्हरी' कळलं, आणि तिचा चेहरा वाचून त्यांचा उतरला. तेव्हापासून तिनं त्यांच्याकडे जाणं बंद केलं. ते कुंपणापाशी येऊन रोज विचारायचे, "ती बरी आहे ना?" मला ते बघवेना. लेक हट्टी आहे, पण तिची आई मीच. रविवारी तिला ओढतच त्या शेतावर नेलं.

आजोबा शेकोटीपाशी मक्याचे दाणे भाजत होते. फाटक्या बुटाचा तळ दोरीनं बांधलेला. एकदा सोंग घेतलं की ओळख दाखवायची नाही, असा त्यांचा नियम. जमलेल्या लोकांना ते सांगत होते, की दिवसभराला एवढेच मूठभर दाणे. कॉफी म्हणून भाजलेल्या रताळ्याचं पाणी. दुपार कोटाच्या शिवणीतल्या उवा मारण्यात जाते, आणि रोज सकाळी हजेरीला माणसं कमी भरतात, कारण रात्रीतून कुणी ना कुणी घरी पळालेलं असतं.

लेकीनं मागूनच खणखणीत आवाजात विचारलं, "तुम्ही कशासाठी लढताय?"

आजोबांनी मान वर केली नाही. "दुसऱ्यांचे गुलाम त्यांच्याच ताब्यात राहावेत म्हणून. हे कळायला मला दोन भाऊ मातीत पुरावे लागले."

"मग अजून इथं का?"

त्यांनी दाणे हलवले. "घरी पोरगी आहे. तिला तोंड कसं दाखवू, ते सुचत नाही."

लेक गर्दीतून पुढे गेली आणि ओंडक्यावर त्यांना चिकटून बसली.

"आजोबा," ती म्हणाली, "घरी चला."

त्यांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. मी तर हुंदके देऊन रडले. लोकांना वाटलं, आम्हीही नाटकातल्याच. त्यांनी टाळ्या वाजवल्या.